इरेजेबल पेनाचा डाग: इस्त्री सगळ्यात शेवटी

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि जुलै लागला की माझ्याकडे खिशाखाली निळा डाग पडलेले पांढरे शर्ट यायला लागतात. नागपूरच्या मानेवाड्यात माझं शिवणकामाचं आणि ऑल्टरचं दुकान आहे. "खिसा बदलून द्या" म्हणून आलेला शर्ट मी आधी धुऊन बघते, कारण पुष्कळदा खिसा बदलायची गरजच नसते. हे डाग आता बहुतेक साध्या बॉलपेनाचे नसतात. मागे रबरी टोक असलेल्या, घासलं की अक्षर पुसणाऱ्या इरेजेबल पेनाचे असतात. आणि आया येऊन जवळजवळ एकच गोष्ट सांगतात: "ताई, इस्त्री फिरवली, निळा गेला, पण तिथं पांढुरकं काहीतरी राहिलं, ते काही केल्या जात नाही."

चूक तिथेच होते, पहिल्याच पावलाला. म्हणून हे क्रमवार लिहिते आहे. साहित्य साधंच लागतं, पण क्रम चुकला तर तेच साहित्य काम बिघडवतं.

## आधी एवढं समजून घ्या

या पेनातली शाई उष्णतेनं रंग सोडते. शाईत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत रंगद्रव्य, त्याला रंग आणणारा पदार्थ आणि ठरावीक तापमानाला वितळणारा तिसरा पदार्थ असतो. कागदावर रबर घासलं की घर्षणानं साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत ऊब तयार होते, तिसरा पदार्थ वितळतो, पहिले दोन एकमेकांपासून सुटतात आणि रंग दिसेनासा होतो. शाई मात्र जिथल्या तिथे राहते. तीच वस्तू शून्याखाली १० ते २० अंशांपर्यंत गार केली की रंग परत येतो.

म्हणजे इस्त्रीनं डाग झाकला जातो, निघत नाही. आणि झाकला की तो धुवायचा कुठून, हेच कळत नाही. दिसणारा डाग धुणं सोपं असतं.

"पण नागपुरात उणे दहा कधी होतं?" हा प्रश्न मला हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. इथल्या थंडीत रंग परत येणार नाही. पांढऱ्या शर्टावर पेनाची एखादी बारीक रेघ असेल आणि सकाळी व्हॅनवाला दारात हॉर्न वाजवत असेल, तर इस्त्री फिरवा आणि पोराला पाठवा, त्यात काही बिघडत नाही. मात्र रिफिल फुटून पडलेला डाग, गडद रंगाचं कापड आणि चांगले कपडे यांना ही सवलत नाही. शाईचा थर कापडात कडक होऊन बसतो, त्यावर मळ धरतो आणि निळ्या, काळ्या, मरून कापडावर पांढुरका व्रण कायम दिसत राहतो. हिवाळ्यात हिमाचल किंवा काश्मीरला जाणार असाल तर बर्फात तो डाग पुन्हा उगवूही शकतो.

## टप्पा १: डाग पडल्याबरोबर

पहिल्यांदा पेन खिशातून काढा. हे सांगावं लागतं, कारण आई शर्ट पाण्यात टाकते आणि गळकी रिफिल खिशातच असते. खिसा उलटा करा, टोपण, तुटलेला तुकडा, जे असेल ते काढा.

मग खिशाच्या आत, म्हणजे दोन थरांच्या मध्ये, जुन्या सुती साडीची किंवा धोतराची चौपदरी घडी सरकवा. नाहीतर शाई खिशातून मागच्या कापडात उतरते आणि एका डागाचे दोन होतात. वरून टिश्यू किंवा फडकं ठेवून नुसतं दाबा, उचला, जागा बदला, पुन्हा दाबा.

घासू नका. साध्या शाईलाही घासणं वाईटच, पण इथं ते दुप्पट वाईट आहे. घासल्यानं ऊब येते, डाग फिका होतो, आपल्याला वाटतं निघतोय, आणि प्रत्यक्षात शाई धाग्यांत आणखी आत जाऊन आजूबाजूला पसरलेली असते.

थांबा आणि बघा: दाबलेल्या फडक्यावर शाई उमटणं बंद झालं का? होईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पेन कोणतं आहे ते ठरवा

"खोडता येणारं पेन" या एका नावाखाली बाजारात वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. कंपास उघडून पेन हातात घ्या आणि कागदावर, कापडावर नव्हे, दोन जाड रेघा ओढा.

एका रेघेवर कोमट इस्त्रीचं टोक टेकवा. रेघ गायब झाली तर पेन उष्णतेचं. त्याची सविस्तर कृती खाली आहे.

इस्त्रीनं काही झालं नाही, पण साध्या खोडरबरानं ताजी रेघ निघाली आणि खाली शाईचा भुगा पडला, तर ते जुन्या पद्धतीचं, रबरासारख्या चिकट शाईचं पेन. त्यालाही खालचीच कृती चालते, फक्त स्पिरिटच्या फेऱ्या जास्त लागतात.

पेनाला दोन टोकं आहेत, एक निळं आणि दुसरं पांढरं, पांढऱ्यानं निळं पुसतं, तर ती पाण्यात विरघळणारी निळी शाई आहे. गार पाण्याखाली धरा, डाग बराचसा वाहून जाईल. कापडावर ते पांढरं टोक फिरवू नका. त्यातलं रसायन कागदासाठी असतं, युनिफॉर्मच्या रंगाचं ते काय करेल याचा भरवसा नाही.

शिंप्याच्या खुणेच्या पेनांचं शेवटी वेगळं सांगते.

पेन सापडतच नसेल तर? डागाच्या कडेला गार पाण्याचा एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबा. शाई पाण्यात पसरली तर आधी नुसत्या गार पाण्यानं धुवा. ढिम्म राहिली तर उष्णतेचं पेन समजून खालच्या वाटेनं चला.

## टप्पा ३: तयारी

या टप्प्याला लोक पाच मिनिटंही देत नाहीत आणि मग अर्ध्या कामातून फडकं शोधायला उठतात. तोवर स्पिरिट उडून जातं आणि सुटलेली शाई पुन्हा बसते. आधी सगळं जवळ मांडून घ्या:

- सर्जिकल स्पिरिट, मेडिकलच्या दुकानात मिळतं. नसेल तर रंगहीन, बिनवासाचं हँड सॅनिटायझर. जेलवाल्याचा एक फायदा आहे, ते जागेवर थांबतं, वाहून पसरत नाही.
- पांढरी सुती फडकी, पाच-सहा तरी. रंगीत फडकं घेऊ नका, स्पिरिटनं त्याचाच रंग शर्टावर उतरतो.
- कानात घालायच्या कापसाच्या काड्या.
- भांडी घासायचं लिक्विड.
- बादलीभर गार पाणी.

गार पाणी म्हणताना नागपूरकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मे-जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल असं येतं. ते साठ अंश नसतं, पण कोमटाच्या पुष्कळ पुढे असतं आणि शाई पसरवायला पुरेसं असतं. काम सकाळी करा, किंवा रात्रीच बादली भरून घरात ठेवा. बोअरचं पाणी जड असेल, साबणाला फेस येत नसेल, तर या एका कपड्यापुरतं नळाचं किंवा प्यायचं पाणी वापरा. जड पाण्यात साबण नीट काम करत नाही आणि वर पांढरट थर बसतो. मग तो थर शाईचा की पाण्याचा हेच समजत नाही.

सावधान: स्पिरिट पेट घेतं. गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती यांच्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून बसा. लहान पोरांच्या हाती देऊ नका. आणि स्पिरिट पूर्ण उडाल्याशिवाय त्या कपड्यावर इस्त्री कधीच नाही.

## टप्पा ४: कापड ओळखा, आतल्या कडेला तपासा

शाळेचे शर्ट बहुधा पॉलिस्टर आणि कॉटनच्या मिश्रणाचे, ज्याला आपण टेरीकॉट म्हणतो, तसे असतात. त्याला स्पिरिट चालतं. शुद्ध सुतीलाही चालतं, पण रंग कच्चा असेल तर रंग उतरतो. म्हणून शर्टाच्या खालच्या पट्टीत, आतल्या शिवणीवर, स्पिरिटमध्ये भिजवलेली कापसाची काडी पाच मिनिटं दाबून धरा. काडीवर कापडाचा रंग आला तर स्पिरिटचा नाद सोडा आणि फक्त टप्पा ६ करा.

खिशावर शाळेचा छापील बिल्ला असेल तर त्याला स्पिरिट लागू देऊ नका, छपाई विरघळू शकते. भरतकामाचा बिल्ला असेल तर त्याच्या धाग्याचा रंगही असाच तपासा.

रेशीम, आपल्याकडचा कोसा, लोकर, जरीकाठ आणि साटीनचं अस्तर यांवर घरी प्रयोग नकोत. टिश्यूनं टिपा, तसंच न धुता, इस्त्री न फिरवता ड्रायक्लीनरकडे न्या आणि पेन सोबत घेऊन जा. "उष्णतेनं उडणारी शाई आहे, आधी स्टीम देऊ नका" एवढं स्पष्ट सांगा. न सांगता दिलेली साडी आधी दाबली गेली तर डाग तिथंच दिसेनासा होतो आणि तुम्हाला "निघाला" म्हणून परत मिळते.

## टप्पा ५: स्पिरिटनं शाई सोडवणं

खरं काम हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

कपडा उलटा करा. डाग खाली, फडक्याच्या घडीवर टेकलेला हवा, आणि स्पिरिट कापडाच्या मागच्या बाजूनं लावायचं. म्हणजे शाई आली त्या वाटेनं बाहेर जाते. समोरून लावलं तर तीच शाई आपण धाग्यांत आत ढकलतो.

काडी भिजवून डागाच्या बाहेरच्या कडेपासून आत टिपत या. मधून बाहेर गेलात की डागाभोवती निळं कडं तयार होतं आणि ते मूळ डागापेक्षा चिवट असतं. एक फेरी झाली की अर्धं मिनिट थांबा, वरून कोरड्या फडक्यानं दाबा, कपडा उचलून खालची घडी बघा. तिच्यावर निळा ठसा दिसला पाहिजे. दिसला की घडीची स्वच्छ बाजू वर घ्या आणि पुन्हा सुरू करा.

सगळ्यात जास्त चुकतं ते हे घडी बदलणं. त्याच ओल्या, निळ्या घडीवर लोक दहा वेळा टिपत बसतात आणि निघालेली शाई परत शर्टात चढते. दर फेरीला नवी जागा, दर दोन फेऱ्यांना नवी काडी.

बारीक रेघेला तीन-चार फेऱ्या पुरतात. फुटलेल्या रिफिलच्या डागाला दहा-बाराही लागू शकतात. घडीवर ठसा उमटतोय तोवर चालू ठेवा. उमटणं थांबलं की स्पिरिटचं काम संपलं, मग डाग थोडा दिसत असला तरी पुढे जा.

लवकर वाळावं म्हणून मध्येच हेअर ड्रायर लावू नका आणि कपडा उन्हात टाकू नका.

## टप्पा ६: लिक्विड आणि गार पाणी

स्पिरिटनं सुटलेली शाई अजून धाग्यांत आहे. ती पाण्यानं एकटी जात नाही, साबण लागतो.

जागा अजून ओलसर असतानाच भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. बोटाच्या पेरानं हलकेच, गोल न फिरवता, कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेनं पसरवा. ब्रश नको. दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा, पण वाळू देऊ नका. मग कपडा उलटा धरून मागच्या बाजूनं गार पाण्याची धार सोडा. फेस निळसर येईल, तो स्वच्छ येईपर्यंत धार चालू ठेवा.

तपासा: ओला कपडा खिडकीजवळ, उजेडासमोर आडवा धरा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात फिकी निळी झाक कळत नाही. झाक दिसली तर टप्पा ५ आणि ६ पुन्हा. दोनदा, तीनदा करावं लागलं तर करा. दर वेळी डाग फिका होत असेल तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

पांढऱ्या टेरीकॉट किंवा सुतीवर शेवटची झाक हटत नसेल तर ऑक्सिजनवालं डाग काढायचं पावडर कोमट पाण्यात, पाकिटावरच्या प्रमाणात विरघळवून त्यात कपडा भिजवा. कोमट म्हणजे हाताला सुखानं सहन होईल इतकंच. क्लोरिनचं ब्लीच टाळा. पॉलिस्टर मिश्रण त्यानं पिवळं पडू शकतं. आणि ब्लीच कशातही मिसळायचं नाही: टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा लिंबात मिसळलं तर विषारी वायू निघतो, स्पिरिटबरोबरही ते धोक्याचं आहे.

## घरगुती उपायांबद्दल

टूथपेस्ट खरखरीत असते, शाई आत घासते आणि वर स्वतःचा पांढरा थर ठेवते. दुधाचा वास राहतो, शाई जात नाही. लिंबू लावून उन्हात ठेवणं गंजाच्या डागाला ठीक आहे, इथं त्यानं रंगीत कापडाचा रंग उडतो. नेलपॉलिश रिमूव्हर काही कृत्रिम कापडं अक्षरशः विरघळवतो, बटणंही खराब करतो, आणि बहुतेकांत स्वतःचा रंग असतो. हे सगळं करून झाल्यावर माझ्याकडे आलेला शर्ट वाचवणं फार जड जातं, म्हणून एवढ्या आग्रहानं सांगते.

## टप्पा ७: धुणं आणि वाळवणं

आता नेहमीची धुलाई, पण कपडा एकटा आणि गार पाण्यात. मशीनमध्ये ६० अंशांचा प्रोग्राम लावलात तर उरलेला डाग आतल्या आत गायब होईल आणि तुम्हाला काम पूर्ण झाल्यासारखं वाटेल. ड्रायरचंही तेच. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. दोरीवर सावलीत शर्ट पन्नाशीलाही पोचत नाही, अगदी मेमध्येसुद्धा. उन्हात उभी केलेली बंद गाडी मात्र साठ सहज ओलांडते. धुलाईचा कपडा गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. पोरांच्या वह्याही नकोत, इरेजेबल पेनानं लिहिलेला अख्खा गृहपाठ तिथं कोरा होतो.

## टप्पा ८: फ्रीजरची परीक्षा

डाग खरंच निघाला की ऊब लागून लपला, हे घरच्या घरी कळतं.

एका पांढऱ्या चिंधीवर त्याच पेनानं रेघ ओढा आणि इस्त्रीनं ती गायब करा. ही झाली साक्षीदार चिंधी. पूर्ण वाळलेला शर्ट आणि ती चिंधी स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. वेगळ्या दाराचा फ्रीजर साधारण उणे १८ अंशांचा असतो, तो चांगला. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा कमी थंड असतो. त्यात पिशवी मागच्या पत्र्याला टेकवून ठेवा.

सकाळी पिशवी उघडल्याबरोबर बघा.

- चिंधीवर रेघ परत आली आणि शर्ट कोरा आहे: डाग गेला. आता इस्त्री करा.
- दोन्हींवर रंग आला: शाई शिल्लक आहे. रंग दिसतो आहे तोवर टप्पा ५ पासून पुन्हा सुरू करा.
- चिंधीच कोरी राहिली: फ्रीजर पुरेसा थंड नाही, परीक्षा झालीच नाही.

ज्यांनी आधीच इस्त्री केली आहे त्यांच्यासाठीही वाट हीच. आधी कपडा फ्रीजरमध्ये घालून डाग परत आणा, बाहेर काढल्याबरोबर डागाच्या कडेनं शिवणीचा दोरा टाकून किंवा बारीक सेफ्टी पिना लावून जागा बांधून घ्या, मग टप्पा ३ पासून. जुन्या, अनेकदा दाबलेल्या डागाला फेऱ्या जास्त लागतात. काही वेळा पूर्ण जातही नाही, आणि तेव्हा खिसा बदलणं हाच उपाय.

## शेवटची इस्त्री

शाईला साठ अंश पुरतात, सुती कापडाची इस्त्री त्याच्या कितीतरी पुढे, दोनशेच्या आसपास जाते. टेरीकॉटला पॉलिस्टरचीच खूण ठेवा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे कोळशाची इस्त्री असेल तर तिचं तापमान अंदाजानंच चालतं. डागाच्या जागेवर कापड चमकू नये म्हणून आतल्या बाजूनं दाबायला सांगा.

## शिंप्याच्या खुणा: इथं नियम उलटा

ब्लाउज, कुर्ते शिवताना आम्ही खुणांची पेनं वापरतो. त्यांचे डाग घेऊन लोक येतात तेव्हा वरची कृती सरसकट लावू नका.

आकाशी निळं पेन पाण्यानं जातं, पण त्यावर इस्त्री फिरली तर ती खूण पक्की बसू शकते. आधी नुसतं भरपूर गार पाणी. साबणसुद्धा खूण पूर्ण गेल्यानंतरच.

जांभळं पेन हवेनं आपोआप उडतं, एक-दोन दिवसांत, पावसाळ्याच्या दमट हवेत आणखी लवकर. त्यालाही इस्त्री नको. वाट बघा किंवा गार पाणी लावा.

आणि उष्णतेनं उडणारं पेन खुणेसाठी वापरत असाल तर गडद कापडावर वापरू नका. रेघ गेली तरी पांढुरकी वाट राहते आणि गिऱ्हाईक ती उजेडात धरून दाखवतं. मरून, काळ्या, बाटली हिरव्या कापडावर मी साधा शिंप्याचा खडू वापरते, आणि तोही शिवणीच्या आत.

दुकानात कपडा टाकताना किंवा आमच्यासारख्यांकडे डाग दाखवायला आणताना तीन गोष्टी सोबत सांगा: पेन कोणतं, डाग कधीचा, आणि त्यावर आतापर्यंत काय काय लावलं. इस्त्री फिरवली असेल तर तेही सांगा, कोणी रागावणार नाही. डाग दिसतच नसेल तर जागा पेन्सिलीनं नव्हे, दोऱ्यानं खुणावून आणा.